समोरच्या खिडकीपासून आडोसा: मुंबईतील बाल्कनीतल्या बागेची आखणी

मुंबईत समोरची इमारत बहुधा हाकेच्या अंतरावर असते, त्यामुळे बाल्कनीत झाडे लावण्यामागे हिरवाईच्या हौसेइतकीच आडोशाची गरज असते. ही गरज भागवताना पुष्कळजण सगळी ग्रिल खालपासून वरपर्यंत वेलींनी झाकून टाकतात आणि मग घरात वारा येत नाही, भर दुपारी दिवे लावावे लागतात. या दमट शहरात वारा अडवणारा आडोसा महागात पडतो. अडवायची असते ती नजर, आणि ती ठरावीक दिशेने व ठरावीक उंचीवरूनच येते.

म्हणून रोपे आणण्याआधी बाल्कनीत नेहमीच्या जागी खुर्ची टाकून बसावे आणि समोरच्या कोणत्या खिडक्या दिसतात ते पाहावे. ज्या खिडक्या आपल्याला दिसतात, तिथूनच आपण दिसत असतो. घरातल्या कोणालातरी ग्रिलपाशी उभे करून त्या खिडक्यांकडे जाणाऱ्या नजरेच्या रेषा जिथे ग्रिलला छेदतात तिथे खडूने खुणा करून घ्याव्यात. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात, त्यामुळे समोरची खिडकी आपल्याच पातळीवर असेल तर कठड्यावरचा दोन-अडीच फुटांचा पट्टा झाकला तरी भागते. नजर वरच्या मजल्यावरून येत असेल तर मात्र खाली ठेवलेल्या कुंड्यांचा फारसा उपयोग नसतो. तिथे वरून खाली सोडलेली वेलच हवी.

दिशेचा विचार त्यानंतर करावा. मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि हिवाळ्यात तो बराच दक्षिणेला कलतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबरचे ऊन आतपर्यंत पोहोचते, तर उत्तरेच्या बाल्कनीला त्या दिवसांत थेट ऊन मिळतच नाही. पश्चिमेकडच्या बाल्कनीला दुपारनंतरचे कडक ऊन आणि पावसाळ्यातले नैर्ऋत्येचे वारे, दोन्ही सोसावे लागतात.

पाच-सहा तास ऊन असेल तर मधुमालतीला तोड नाही. संध्याकाळी पांढरी उमललेली तिची फुले पुढे गुलाबी आणि मग लाल होत जातात, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. मात्र ती हाताबाहेर जायला वेळ लागत नाही आणि गळालेली फुले खालच्या मजल्यावर पडतात, म्हणून छाटणी टाळून चालत नाही. वरून येणाऱ्या नजरेसाठी ‘कर्टन क्रीपर’ या नावाने विकली जाणारी वेल घ्यावी. तिच्या बारीक फांद्या सरळ खाली लोंबतात, त्यांतून वारा खेळता राहतो आणि पलीकडचे दिसत नाही. कठड्यालगतच्या पट्ट्यासाठी कुंती किंवा तगर बरी, कारण छाटल्यावर दोन्ही दाट होतात. सावलीत अरेका पाम, मनी प्लांट, नेचे लावावेत. समुद्रासमोरच्या खाऱ्या वाऱ्यात बोगनवेल आणि कण्हेर तग धरतात, पण कण्हेर विषारी असल्याने लहान मुलांच्या घरात ती नकोच.

वजनाचा हिशेब फार थोडे लोक करतात. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल अशा एका ट्रफमध्ये, म्हणजे लांबट कुंडीत, सुमारे 85 लिटर माती मावते आणि ती भिजली की वजन सव्वाशे किलोच्या घरात जाते. बाहेर काढलेल्या बाल्कनीच्या टोकाला असे चार ट्रफ ओळीने ठेवणे, विशेषतः जुन्या इमारतीत, धोक्याचे आहे. जड कुंड्या आतल्या भिंतीलगत ठेवाव्यात, कठड्यापाशी हलक्या ठेवाव्यात आणि ग्रिलच्या बाहेर काहीही टांगू नये. लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समप्रमाणात घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळली, तर वजन घटते आणि निचराही चांगला होतो. तरीही मोठी आखणी असेल तर सोसायटीच्या अभियंत्याचे मत घेतलेले बरे.

वेली लावण्यासाठी मृगाच्या सरींचा काळ उत्तम. जुलैच्या मुसळधार पावसात खत घालणे म्हणजे ते नहाणीत सोडण्यासारखेच, त्यामुळे खत आणि छाटणी गणपतीनंतर करावी. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या काढूनच ठेवाव्यात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण डास तयार होतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून एरवीही ताटल्यांतले नुसते पाणी ओतून न देता आठवड्यातून एकदा त्या घासून घ्याव्यात. मनी प्लांटच्या बाटल्यांचेही तसेच. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसला तर तो पिठ्या ढेकूण समजावा. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे.

मे महिन्यात गावी जायचे असेल तर आधी वेली थोड्या छाटाव्यात, हलवता येतील त्या कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवाव्यात आणि मातीवर नारळाच्या काथ्याचा जाड थर द्यावा. शेजाऱ्यांकडे किल्ली देताना कोणत्या कुंडीला रोज आणि कोणत्या कुंडीला दिवसाआड पाणी घालायचे, हे कुंडीवरच लिहून चिकटवावे.