प्रेअरीच्या कडेची जुनी वस्ती समजून घ्यायची तर चुलीची माती जपा

अमेरिकेच्या मिडवेस्टमधे, इलिनॉय-आयोवाकडे, जिथं प्रेअरी (गवताळ मैदान) आणि जंगल एकमेकांत घुसलंय तिथल्या प्रागैतिहासिक साइटवर काम करणार असाल तर भाल्याच्या टोकांमागे फार धावू नका. टोकं देखणी असतात हे खरंय, पण माणसं काय खात होती, कुठल्या सीझनला तिथं होती, हे चुलीतली माती जास्त नीट सांगते.

पिशवी भरतानाच किती लिटर माती घेतली ते लेबलवर लिहा, नाहीतर नंतर दोन खड्ड्यांची तुलनाच करता येत नाही. मग फ्लोटेशन. माती पाण्यात हळूच सोडायची, हाताने अलगद ढवळायचं, जळून कोळसा झालेलं बी वर येतं ते लगेच बारीक जाळीत ओतून घ्यायचं, आणि तळाला हाडं, माशाचे काटे, दगडाच्या कपच्या राहतात त्या वेगळ्या धुवायच्या. वाळवायचं सावलीतच, उन्हात कोळसा तडकतो. १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी इलिनॉय नदीच्या खोऱ्यात ही पद्धत रुळवली आणि तिथल्या लोकांच्या खाण्याचं चित्रच बदललं.

आता निवडणं. उघड्या साइटवर न जळलेलं बी मिळालं तर ते आजचंच धरा. हिकरीचं (अक्रोडाच्या कुळातलं झाड) कवच जाड, ते भरपूर टिकतं, ओकच्या फळाचं पातळ, त्याचा चुरा होतो, म्हणून नुसती वजनं बघून 'हिकरीच जास्त खायचे' असं लिहू नका प्लीज. गूसफूटचं बी (चाकवताच्या भावकीतलंच) मायक्रोस्कोपखाली बघा, साल नेहमीच्या रानटी बियांपेक्षा पातळ असेल तर ते बहुतेक पेरलेलं, म्हणजे मका येण्याच्या कितीतरी आधीची शेती तुमच्या हातात आहे!

बायसनचे (तिथल्या रानटी गुरांचे) जबडे असतील तर सोडू नका. वासरं वसंतात जन्मतात, त्यामुळे कोवळ्या जनावराचा कुठला दात किती वर आलाय त्यावरून शिकारीचा सीझन काढता येतो.

आणि आजचा नकाशा बघून 'इथं जंगल होतं' म्हणू नका. साधारण ८००० ते ५००० वर्षांपूर्वी हवा कोरडी झाली, प्रेअरी पूर्वेकडे सरकली, नंतर पुन्हा मागे हटली. तळ्यातले परागकण मोठ्या परिसराचं सांगतात, कारण ते वाऱ्याने लांबून येतात, वस्तीच्या जवळ गवत होतं की झाडं ते बघायला फायटोलिथ (झाडा-गवतात तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण) लागतात, त्यासाठी प्रत्येक थरातून थोडी माती वेगळी ठेवा आणि तुलनेसाठी एक सॅम्पल वस्तीच्या बाहेरचंही घ्या.