पगाराच्या वहीतून वरकड मूल्य कसं काढायचं

इचलकरंजीत मी वीस वर्षं यंत्रमाग कारखान्यात मेहताजी होतो. मीटर लिहायचे, आठवड्याचा पगार काढायचा. वस्तूचं मूल्य तिच्यात गेलेल्या श्रमातून येतं आणि त्यातून मजुरी देऊन उरतं ते वरकड मूल्य मालकाकडे जातं, हा मार्क्सचा श्रममूल्य सिद्धांत मला त्या वहीतच कळला.

एक मीटर कापड घ्या, 52 पिकाचं. म्हणजे इंचात आडवे 52 धागे. मीटरभरात धोटा 2,047 वेळा इकडून तिकडे जातो.

पहिली चूक इथंच होते. एका विणकर पोरानं दुकानातल्या शर्टाच्या किमतीतून आपली मजुरी वजा केली आणि उरलेलं सगळं मालकाच्या नावावर लिहिलं. अरे बाबा, सूत काय मागावर उगवलं? कापूस, सूत, सायझिंग (सुताला खळ देणं) यांत आधीच्या लोकांचे श्रम आहेत. ते कापडात उतरतात, पण वाढत नाहीत. ते बाजूला ठेवा. खर्चीवाल्याकडे काम करत असाल तर हे सोपं. सूत व्यापाऱ्याचंच असतं, कारखानदाराला फक्त विणण्याचे पैसे मिळतात.

आता आकडे. हे हिशेबापुरते, तुमचे तुम्ही घाला. खर्ची, म्हणजे विणण्याचा दर, इंचातल्या दर पिकाला 12 पैसे धरली तर मीटरला 52 गुणिले 12 पैसे, म्हणजे 6.24 रुपये. वीज, तेल, सुटे भाग, मागाची झीज मिळून 1.84 वजा. उरले 4.40, हे शेडमधल्या माणसांनी नव्यानं घातलेलं मूल्य. त्यातले विणकराचे 1.80, कांड्या भरणारी कांडीवाली, माग दुरुस्त करणारा जॉबर, ताण्याचे धागे ओवणारा वहिफणीवाला मिळून 50 पैसे. (मेहताजीचा पगार कुठं मांडायचा यावर मी अजून अडतो.) उरले 2.10, तेच वरकड. बँकेचं व्याजही यातूनच जातं, ते खर्चात धरू नका. बारा तासांच्या पाळीत सव्वासहा तास पगारापुरते, बाकी पावणेसहा तास वरकडाचे.

मजुरी मीटरवर असली की प्रत्येक मीटरचे पूर्ण पैसे मिळाल्यासारखं वाटतं. मार्क्सनं 1867 च्या 'भांडवल'मध्ये नगावरच्या मजुरीला वेगळं प्रकरण दिलंय, ते जरूर वाचा.

खरी गंमत खर्ची उतरल्यावर. पिकाला 12 चे 10 पैसे झाले की 2.10 चे 1.06 होतात. माग तेच, मजुरी तीच, आणि वहीत पिळवणूक निम्मी झालेली दिसते! इथं घाईनं निष्कर्ष काढू नका. बाजारात कापडाचा भाव विचारा, आणि सुताचाही. सूत स्थिर असून कापडही तेवढंच उतरलं असेल, तर कारण बहुधा शेजारचे एअरजेट, म्हणजे हवेच्या झोतानं धागा फेकणारे वेगवान माग. मूल्य ठरतं समाजाला सरासरी लागणाऱ्या वेळावर. तुमच्या जुन्या मागाला जास्त वेळ लागला त्याचे पैसे कोण देणार? इंग्लंडात यंत्रमाग आल्यावर हातमागवाल्याच्या तासाभराच्या कामाचं मूल्य अर्ध्यावर आलं, हे त्याच पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात आहे.

पण कापडाचा भाव जागच्या जागी असेल, तर ते 1.04 रुपये तुमच्या मालकाकडून वर सरकलेत. कारखान्याच्या गेटवर घोषणा देऊन ते सापडायचे नाहीत. वहीत आणखी एक रकाना आखा आणि वर लिहा: व्यापारी.