कार्पेट क्लीनिंगची गाडी भरताना या चुका टाळा

पुण्यात वाकडच्या एका टॉवरच्या तळघरात वॉचमनने बोट दाखवलं तिथे आम्ही आमची मारुती ईको व्हॅन रिव्हर्स घेऊन भिंतीला टेकवली. उतरून डिकी उघडायला गेलो, तर ती हातभर वर आली आणि भिंतीला अडली. मशीन नेमकं डिकीच्या तोंडाशी. पाइप, शाम्पूचे कॅन, कार्पेट वाळवायचे ब्लोअर सगळं तिथेच कोंबलेलं. गाडी पुन्हा पुढे घ्यावी तर मागून आलेले एक साहेब हॉर्नवरचा हात काढेनात. वरून मॅडमचे दोन फोन येऊन गेले. त्या दिवशी कार्पेटच्या आधी आमची वीस मिनिटं धुतली गेली.

तेव्हापासून मी पोरांना एकच सांगतो. सामान गाडीत मावलं की नाही ते नंतर बघा, आधी पार्किंगमध्ये उभे आहोत असं समजून ते कुठल्या दारातून, कुठल्या क्रमाने बाहेर येईल ते सांगा. या धंद्यात वेळ कार्पेटवर फारसा जात नाही, तो गाडी आणि लिफ्ट यांच्यामध्ये जातो. बहुतेक चुकाही तिथल्याच.

सगळा भरवसा डिकीवर

वर उघडणाऱ्या डिकीला मागे मोकळी जागा लागते. बाणेर-वाकडकडच्या तळघरांत ती मिळेलच असं नाही आणि पेठांत तर विसराच. नारायण पेठेत किंवा सदाशिव पेठेत गाडी लावली की मागे कुणाची तरी स्कूटर चिकटून उभी राहणारच. म्हणून रोजचं सामान डाव्या बाजूच्या सरकत्या दारातून निघालं पाहिजे. डावीकडेच का? तर आपण रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावतो. डावं दार फुटपाथकडे उघडतं, उजवं पीएमपी बसच्या तोंडावर. डिकीत ठेवा ते क्वचित लागणारं: जादा ब्रश, जुनी चादर, स्टेपनीचा जॅक, पावसाळी ताडपत्री.

आता क्रम. दारात पहिल्यांदा हाताला यावं ते फरशीवर अंथरायचं प्लास्टिक, चपलांवर घालायची कव्हरं, कोरडा व्हॅक्यूम आणि एक्स्टेंशन बोर्ड. त्यामागे ओलं काम करणारं मशीन आणि त्याचा पाइप. ब्लोअर सगळ्यात आत, कारण ते शेवटी लागतात. अनेक जण बरोब्बर उलटं करतात. ब्लोअर हलके असतात म्हणून ते शेवटी दारात ढकलतात आणि मग प्रत्येक ठिकाणी आधी तीन ब्लोअर पार्किंगमध्ये काढून ठेवायचे, मग मशीन. त्या ब्लोअरला अडखळून एकदा सोसायटीचे एक आजोबा पडता पडता वाचले. त्यानंतर त्या सोसायटीने आम्हाला पुन्हा बोलावलं नाही आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

पाण्याचं वजन कुणी धरत नाही

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हे शाळेत सगळे शिकलेत, गाडी भरताना सगळे विसरतात. उन्हाळ्यात सोसायट्यांत पाणीकपात असते, टँकरचं पाणी मशीनला बरं नसतं, म्हणून काही जण गाडीत २०० लिटरची टाकी बसवतात. ती भरली की ड्रायव्हर आणि हेल्परशिवाय आणखी तीन धष्टपुष्ट माणसं मागे बसली असं समजा. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि मालासकटचं एकूण वजन दोन्ही लिहिलेलं असतं. एकातून दुसरं वजा करा, आणि मग मशीन, कॅन, माणसं यांची बेरीज एकदा कागदावर मांडून बघा. बऱ्याच जणांचे डोळे उघडतात.

माझं सांगणं असं की शक्यतो पाणी वाहूच नका, ग्राहकाच्या नळाचं घ्या. वाहायचंच असेल तर टाकी काठोकाठ भरा किंवा रिकामी ठेवा. सगळ्यात वाईट ती अर्धी टाकी. ब्रेक मारला की पाणी पुढे धावतं, गाडी थांबल्यावर पुन्हा एक धक्का देतं. वळणावर ते बाजूला जातं आणि गाडी वाटते त्याहून जास्त कलते. कात्रज घाटाच्या वळणांवर हे एकदा अनुभवलं की पुन्हा सांगावं लागत नाही. मोठ्या एका टाकीऐवजी २० लिटरचे कॅन घेतलेत तर हा प्रकार पुष्कळ कमी होतो, आणि रिकामे कॅन जिन्याने वर नेता येतात.

जड वस्तू कुठे ठेवायच्या? खाली, आणि मागच्या चाकांच्या पुढे. मागच्या चाकांच्याही मागे वजन लोंबकळत ठेवलं की गाडीचं नाक हलकं होतं, स्टिअरिंग हातात सैल लागतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. तिथे पुढचं ट्रॅफिक कधी थांबेल याचा नेम नाही, आणि सैल स्टिअरिंग घेऊन तिथे जायचं म्हणजे नशिबाची परीक्षा.

बांधायचं कशाने, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सुतळी आणि रबरी बंजी या दोन्ही गोष्टी वजन धरून ठेवण्यासाठी नाहीत. बंजी ताणली जाते, तिचं कामच ते. रॅचेट बेल्ट, म्हणजे खटका ओढून घट्ट आवळायचा पट्टा, घ्या. एक हिशेब सांगतो. ताशी ४० किलोमीटरने चाललेल्या गाडीत सुटा पडलेला २० लिटरचा भरलेला कॅन असेल, तर गाडी एकदम आदळून थांबल्यावर तो जेवढ्या जोराने पुढे येईल, तेवढा जोर त्याला सव्वासहा मीटर उंचीवरून खाली टाकल्यावर येतो. म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पाण्याचा कॅन तुमच्या पाठीवर. म्हणून सीटमागे मजबूत जाळी हवीच. माझ्या गाडीत आधी ती नव्हती. एका सकाळी सिंहगड रोडवर कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि व्हॅक्यूमची लोखंडी नळी दोन सीटांच्या मधून येऊन गिअरच्या दांड्यावर आपटली. हेल्पर म्हणाला, "दादा, इंचभर इकडे असती तर?" त्याच दुपारी जाळी बसवली.

मशीन बिघडलं नाही, तुम्ही ते चुकीचं ठेवलं

दुरुस्तीवाल्याकडे नेलेल्या मशीनचं अर्धं दुखणं गाडीत सुरू झालेलं असतं. लक्षणांवरून ओळखता येतं.

व्हॅक्यूमची मोटर जोरात ओरडते पण ओढ नाही? झाकणाचं रबरी गास्केट बघा. प्रवासात मशीनच्या डोक्यावर क्रेट ठेवायची सवय असेल, तर ते गास्केट एका बाजूने दबून चपटं झालेलं असतं. तिथून हवा शिरते, म्हणून पाइपला ओढ मिळत नाही. मशीनवर काहीही ठेवू नये. अगदी डबासुद्धा.

मशीन चालू केल्यावर जळका वास, किंवा घरातला ब्रेकर पडतो? आदल्या दिवशी गाडीत मशीन आडवं झोपवलं होतं का, ते आठवा. घाण पाण्याच्या टाकीत राहिलेलं अर्धा लिटर पाणी आडव्या मशीनमध्ये थेट मोटरच्या दिशेने जातं. टाकी नेहमी ग्राहकाकडेच, त्यांना विचारून, संडासात रिकामी करायची आणि मशीन उभंच न्यायचं. उंचीमुळे उभं मावत नसेल, तर ते मशीन तुमच्या गाडीसाठी मोठं आहे. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ते पाणी ओतू नका. ती गटारं नाल्यांतून मुठेला मिळतात, आणि मुठेची अवस्था आपण रोज पुलावरून बघतो.

फवारा एकाच बाजूला पडतोय? वाँड, म्हणजे कार्पेटवर फिरवायची फवाऱ्याची लांब दांडी, डोक्यावर उभी ठेवली असणार. तिच्या तोंडाशी असलेला जेट, म्हणजे फवाऱ्याची बारीक तोटी, जमिनीला घासून बुजतो किंवा वाकतो. वाँड तोंड वर करून बांधा किंवा आडवी टांगा. जेट बुजलाच तर मऊ ब्रशने साफ करा. टाचणी घालू नका. भोक मोठं झालं की कार्पेट गरजेपेक्षा जास्त भिजणार आणि मग वाळता वाळत नाही.

सिंगल डिस्क मशीन, म्हणजे एका गोल फिरत्या ब्रशने घासणारं, हातातून एका बाजूला पळतं? ब्रश खाली लावूनच ते रात्रभर त्यावर उभं राहिलं होतं. तंतू एका दिशेला वाकतात, मग मशीन डगमगतं आणि नवा हेल्पर त्याच्यामागे हॉलभर नाचत फिरतो. ब्रश काढून क्रेटमध्ये उलटा, तंतू वर करून ठेवायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

पाइपचं एक जुनं तंत्र सांगतो. गुंडाळल्यावर त्याची दोन्ही टोकं एकमेकांत बसवून टाका. आतलं घाण पाणी गाडीत गळत नाही आणि पाइपच्या तोंडात खडेही जात नाहीत. गुंडाळी मोठी घ्या, निदान हातभर व्यासाची. घट्ट गुंडाळलेला पाइप दोन महिन्यांत मोडल्यासारखा होतो आणि मग काम करताना बरोब्बर त्या जागी दुमडतो. दाबाचा पाइप सोडण्याआधी मशीन बंद करून ट्रिगर दाबा, म्हणजे आतला दाब निघून जातो. नाहीतर कपलरवरचं, म्हणजे पाइपच्या जोडावरचं, रबर उडतं. ते पाच-दहा रुपयांचं रबर नसल्यामुळे मी एकदा खराडीहून बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारात गेलोय, तेही शनिवारी संध्याकाळी. तेव्हापासून चार रबरं ड्रायव्हरच्या सन व्हायझरमागे असतात.

केमिकलचा क्रेट

एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत त्याहून बरंच जास्त तापतं. डाग काढायला वापरतो ते हायड्रोजन पेरॉक्साइड उष्णतेने विघटित होतं आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. बाटली फुगते, कधी झाकण उडतं. बाटली फुटली नाही तरी आतलं द्रावण फिकं पडतं, आणि मग आपण म्हणतो, "हा माल बोगस निघाला." ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे सीटमागची जागाही तापते. नेमकी तीच जागा सगळे केमिकलसाठी धरतात, कारण ती रिकामी असते. केमिकलचा क्रेट मागे, सावलीच्या बाजूला, आणि उन्हाळ्यात रोज संध्याकाळी घरात. थिनरसारखं पेट घेणारं काही असेल तर त्या दिवशी लागेल तेवढंच घ्या.

दुसरी चूक जास्त घातक. संडासाचं ॲसिड आणि ब्लीच एकाच क्रेटमध्ये. दोन्ही सांडून एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तुम्ही काचा बंद करून एसी लावून बसलेले. कार्पेटच्या कामाला संडासाचं ॲसिड लागतंच कशाला? "बाथरूमपण करून द्या ना दादा" म्हणणारे ग्राहक भेटतात, म्हणून ते गाडीत शिरतं. शिरलंच तर त्याचा क्रेट वेगळा, गाडीचं टोक वेगळं. झाकण बंद असलं तरी ॲसिडच्या वाफेने शेजारची पक्कड गंजते, इतकं ते भिनतं.

आणि कृपा करून शाम्पू कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका. तहानलेल्या पोराला लेबल वाचायची सवड नसते.

ओलं आणि कोरडं एकत्र

जून ते सप्टेंबर ही चूक सगळ्यात महाग पडते. ओले पॅड, ओली मायक्रोफायबर फडकी पिशवीत गुंडाळून रात्रभर गाडीत ठेवली की सकाळी दार उघडताच कुबट भपका येतो. तोच वास दुसऱ्या दिवशी ग्राहकाच्या हॉलमध्ये जातो आणि मग "तुम्ही धुतल्यावर कार्पेटला वास यायला लागला" असा फोन. ओल्यासाठी झाकणाचा एक ड्रम ठेवा, तो रोज घरी उतरवा. ग्राहकाचा ओला गालिचा गाडीतून आणायचा असेल तर जाड प्लास्टिकमध्ये, वर कोरडं काहीही न ठेवता. लोकरी गालिच्याचा लाल रंग दुसऱ्याच्या पांढऱ्या सोफा-कव्हरवर उतरला, की भांडण कुणाशी करायचं हा प्रश्नच उरत नाही.

गाडीच्या फरशीवर रबरी मॅट असेल तर महिन्यातून एकदा उचला. मॅटखाली साचलेलं पाणी वरून दिसत नाही, पत्रा मात्र खात राहतं. रॅकसाठी फरशीला भोकं पाडायचा मोह तर टाळाच. खालून इंधनाची नळी जाते, सीएनजी असेल तर गॅसचीही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय आणून त्यावर रॅक बसवा, आणि प्लाय गाडीच्या मूळच्या बोल्टच्या जागांवर धरा. गाडी विकताना सगळं काढताही येतं. गाडीची बांधणीच बदलायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, ते आरटीओत विचारूनच. सीएनजी सिलिंडर सामानाखाली झाकून टाकू नका. त्याची दर तीन वर्षांनी तपासणी असते आणि व्हॉल्व्हपर्यंत हात केव्हाही पोहोचला पाहिजे.

वायरबद्दल थोडक्यात: एक्स्टेंशनची वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची घ्या, आणि मोठं मशीन लावताना ती रिळावरून पूर्ण सोडा. गुंडाळलेली वायर आतून तापते. तिची जागा दाराजवळ, कोरडी, खिळ्यावर. कॅनच्या खाली नाही.

संध्याकाळची दहा मिनिटं

दिवाळीआधीच्या पंधरा दिवसांत दिवसाला चार-चार घरं असतात आणि शेवटच्या घरातून निघताना सगळे गाडीत सामान फेकतात. मीही फेकलंय. दुसऱ्या दिवशी पहिल्या घरी पोचल्यावर कळतं, की वाँड कोथरूडच्या घराच्या बाथरूमच्या दारामागे राहिली. आता आम्ही प्रत्येक वस्तूच्या जागी प्लायवर मार्करने तिची बाह्यरेषा काढली आहे. जागा रिकामी दिसली की निघायचं नाही. परवा सगळ्या जागा भरलेल्या होत्या, तरी हेल्पर दार लावेना. म्हटलं, काय राहिलं? त्याने प्लायकडे बोट दाखवलं. जेटच्या ब्रशची रेष काढायची राहिली होती.