उभ्या मायनरला उठवताना

पहिल्या दिवशी चावी लावू नका. बॅटरीसुद्धा जोडू नका. वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी इंग्लिश गाडी सुरू करायची म्हटलं की घरातला एखादा उत्साही भाचा जम्पर केबल घेऊन हजर होतोच. त्याला चहा द्या आणि केबल काढून घ्या.

हे मी अप्पांच्या 1953च्या मॉरिस मायनरवरून सांगतेय. बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती अकरा वर्षं उभी होती. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आत शिरलं आणि चाकं अर्धी बुडाली. पाणी ओसरल्यावर गल्ली मगर शोधत होती, मी गाडीखाली टॉर्च मारून बघत होते. शाळेच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलेलं, त्यामुळे हात काळे करायची लाज नव्हती. बाकीचं रावपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवलं. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "बेन, पहेलां हाथथी फेरवो, पछी बॅटरी." आधी हाताने फिरवा, मग बॅटरी.

तर आधी चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस गाडीकडे ढुंकूनही बघू नका. तिसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रलला आहे ना ते बघून पुढून हँडल घाला. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही. प्लग काढलेले असताना इंजिन उलटं मारत नाही हे खरं, पण सवय आत्ताच लागली पाहिजे. पुढे इंजिन चालू करताना उलटा झटका बसला तर आवळलेला अंगठा मोडतो. हँडल हललं नाही तर जोर लावू नका. टॉप गिअर टाकून दोघांनी गाडी पुढे-मागे हलवत राहा, अजून तेल सोडा, अजून दोन दिवस थांबा. आमची आठव्या दिवशी हलली.

इंजिन फिरायला लागलं की रॉकर कव्हर उघडा आणि हँडल मारताना आठही व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते बघा. आमचा एक अडकून बसला होता. तसंच स्टार्टर मारलं असतं तर पुशरॉड वाकला असता. टॅपेटची फट गार इंजिनावर बारा थाऊ; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

पान्यांबद्दल एक गोष्ट. आमच्या मायनरच्या 803 सीसीच्या ए-सिरीज इंजिनाला इंची पाने लागतात, मिलिमीटरचे लावून नटाची डोकी गोल करू नका. पण तुमच्याकडे त्याआधीची, साइडव्हॉल्व्हची (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेली) मायनर असेल तर आणखी गंमत आहे. मॉरिसने 1923मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला कारखाना घेतला. यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. गिऱ्हाइकाच्या हातात पाने इंग्लिश, म्हणून नटाचं डोकं व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाचं. तीस वर्षं हा संसार चालला. पाना बसला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही बोल्ट त्यात पिळायचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

ऑइल सगळीकडचं काढा. पुरात भिजलेल्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमधून आधी नुसतं पाणी येतं, मग ताकासारखं काहीतरी. ते आलं की घाबरू नका, पण दोनदा धुऊन घ्या. डिफरन्शियलला हायपॉइड गिअरसाठीचं ईपी 90 ऑइल आणि गिअरबॉक्सला इंजिनचंच ऑइल. ही अदलाबदल करू नका.

आता ब्रेक. इथे घाई केलेली मी तरी माफ करणार नाही. मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, जमिनीखालच्या चॅसीच्या पोकळीत बसवलेला आहे. ज्याने हे ठरवलं त्याने बडोद्याचा पावसाळा बघितलेला नव्हता. गाळ पहिल्यांदा तिथेच भरतो. सतरंजी उचलून झाकण उघडा. तेल चहासारखं दिसलं तर सिलिंडर बाहेरच काढा. चारही ड्रम उघडा, चाकांच्या सिलिंडरचे रबर कप बदला, रबरी होज पाइप कितीही बरे दिसोत, बदला. आत फक्त ब्रेक ऑइल घालायचं. इंजिन ऑइलचा एक थेंब गेला तरी रबर फुगतं आणि ब्रेक लागलेलेच राहतात. पेडल दाबून एक मिनिट पाय तसाच ठेवा. हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतंय. इंजिन सुरू होण्याआधी गाडी थांबली पाहिजे.

पुढच्या चाकांचे ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते आट्यांचे सांधे, तितकेच महत्त्वाचे. प्रत्येक बाजूला वर एक, खाली एक. ग्रीस निप्पल साफ करून, जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत गन मारा. इथे कोरडं राहिलं की आटे झिजतात आणि एक दिवस वळताना चाक गाडीखाली दुमडतं. आमच्या रविवारच्या कट्ट्यावर एकांची मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड आहे. तिचाही ट्रनियनच, पण त्यात ग्रीस नाही, ईपी 90 ऑइल घालायचं. त्यांनी वर्षानुवर्षं ग्रीस भरलं आणि मग मोठा खर्च केला.

वायरिंगमध्ये एकच पक्कं लक्षात ठेवा: या गाडीत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जातो. आमच्याकडे आलेल्या एका बॅटरीवाल्याने "बेन, ए तो बधी गाडीमां सरखुं" (सगळ्या गाड्यांत सारखंच) म्हणत उलटी जोडली आणि चार्जिंगच्या कटआउटचे पॉइंट जळून चिकटले. तेव्हापासून मी बोनेटच्या आत लाल रंगाने अधिकचं मोठं चिन्ह काढून ठेवलंय. कॉन्टॅक्ट पॉइंटची फट पंधरा थाऊ, प्लगची पंचवीस. सिलिंडर पेटण्याचा क्रम 1-3-4-2.

पेट्रोलची टाकी काढून धुवा. जुनं पेट्रोल वार्निशसारखं वास मारतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुनं रबर सोलून काढतं आणि हवेतलं पाणी ओढतं. त्यामुळे इथेनॉल सोसणारे होज घाला आणि टाकी महिनोन्‌महिने भरून ठेवू नका. टाकीतलं पेट्रोल ओढणारा एसयू कंपनीचा पंप चालू केल्यावर टक-टक करतो आणि कार्बुरेटर भरला की गप्प होतो. गप्प झालाच नाही तर कुठून तरी हवा खेचतोय किंवा फ्लोटची सुई गळतेय. कार्बुरेटरचा पिस्टन बोटाने उचलून सोडा, खाली पडताना टक्‌ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे.

आमची मायनर डिसेंबरमधल्या एका सकाळी सुरू झाली. धूर इतका, की समोरच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या. पाच मिनिटांनी धूर निवळला.

आता कोणती गाडी घ्यावी हा प्रश्न. कमाटीबागेजवळ शेव उसळ खाताना दर रविवारी हाच वाद. 2023च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा सोहळा झाला, तेव्हापासून तरुण पोरंही येऊ लागली. त्यांचं म्हणणं, नाव मोठं बघावं. एमजी बघा ना, इथून तासाभरावर हालोलला बनते! खरं आहे. पण नीट बघितलं तर काय? एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डची, तिचा अ‍ॅबिंग्डनचा कारखाना 1980मध्ये बंद झाला, 2005मध्ये कंपनी बुडाली, नाव चीनला गेलं. हालोलला जनरल मोटर्सने 2017मध्ये काम थांबवलं, त्या जागेत एमजीची 2019ची हेक्टर तयार झाली. अष्टकोनी बिल्ला तोच. पण हेक्टरच्या शोरूममध्ये मी मायनरचा ट्रनियन मागितला, तेव्हा मुलीने मला पाणी दिलं आणि बसायला सांगितलं. तिचा काय दोष!

अ‍ॅम्बेसेडरचं नाव 2017मध्ये प्यूजोने 80 कोटींना घेतलं. त्या पैशात कुणाच्या अ‍ॅम्बेसेडरचा एक वॉशरही आला नाही. जॅग्वार 2008पासून टाटांकडे आहे, 2024मध्ये तिच्या नावाची अक्षरं बदलली, त्यावरून आमच्याकडे दोन आठवडे भांडण चाललं. दुसरीकडे इंग्लंडमधल्या विटनीला एमजीबी या एमजीच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीचे सांगाडे जुन्याच साच्यांवर आजही ठोकले जातात. मायनर तर 1960 संपताना दहा लाख झाल्या होत्या, म्हणून तिचे ब्रेक कप, ट्रनियन, गास्केट अजून नवे मिळतात. घेण्याआधी बिल्ला पुसत बसू नका, सुट्या भागांची यादी करा आणि प्रत्येकासमोर कुठून मिळेल ते लिहा. यादीत तीन जागा कोऱ्या राहिल्या तर ती गाडी दुसऱ्याच्या अंगणात छान दिसते.

कागदांचं थोडक्यात. 2021च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर नूतनीकरणाला 5,000. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र मग ती रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढंच. माझी भाजी त्यामुळे स्कूटरवरून येते.

पहिले शंभर किलोमीटर झाल्यावर ऑइल पुन्हा बदला, टॅपेट पुन्हा बघा, चाकांचे नट पुन्हा आवळा. आमचा उजवीकडचा मागचा ड्रम अजून घासतोय. मिस्त्री म्हणतात, दिवाळी पछी.