कोर्टात न भांडता, परस्पर संमतीने घटस्फोट कसा घ्यावा

स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर सह्या करून घटस्फोट होत नाही. रूढीने चालत आलेली सोडचिठ्ठी सिद्ध करता येईल असे मोजके समाज सोडले, तर हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली झालेले लग्न मोडायला कोर्टाचा हुकूमनामा लागतोच. कोर्टाबाहेर मिटवायचे असते ते भांडण. ते नीट मिटले की याच कायद्यातल्या कलम १३-ब (परस्पर संमतीचा घटस्फोट) खालचा संयुक्त अर्ज हे बहुतेक कागदपत्रांचे काम उरते.

आधी दोघांनी आपापला वकील करावा. मसुदा एकानेच लिहिला तरी चालेल, पण दोघांचा मिळून एकच वकील ही काटकसर महागात पडते. बोलणी अडली तर मध्यस्थ घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीची सोय असते आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मध्यस्थासमोर बोललेले गोपनीय राहते, त्यामुळे तिथे मोकळेपणाने आकडे मांडता येतात.

बोलण्यांना बसण्यापूर्वी दोघांनी पगारपत्रके, आयकर विवरणे, बँक खाती, पीएफ, विमा, कर्जे आणि दागिन्यांची यादी समोरासमोर ठेवावी. लपवलेले खाते नंतर सापडले की सगळा समझोता ढासळतो. स्त्रीधन वेगळे मोजा. ते पत्नीचेच, पोटगीत वळते करू नका.

आता समझोत्याचा मसुदा, म्हणजे कन्सेंट टर्म्स. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. ‘वडील मुलाला अधूनमधून भेटतील’ असे वाक्य म्हणजे पुढच्या भांडणाची तरतूद. त्याऐवजी लिहा: दुसरा व चौथा शनिवार सकाळी १० पासून रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत, दिवाळी आणि मे महिन्याची सुटी निम्मी-निम्मी, फी कोण भरणार, खर्चाची रक्कम दरवर्षी किती टक्के वाढणार, पासपोर्टच्या अर्जावर सही कोण करणार. मुलाचा पोटगीचा हक्क आईवडिलांना सोडून देता येत नाही, आणि ताब्याच्या अटी कोर्ट पुढेही बदलू शकते.

घराबाबत दोन गोष्टी हमखास चुकतात. ‘हप्ते तो भरेल’ असे लिहिल्याने बँक दुसऱ्याचे नाव कर्जातून काढत नाही. हप्ता थकला की वसुली दोघांकडूनही होऊ शकते. म्हणून बँकेची लेखी संमती आधी घ्या. दुसरे, महाराष्ट्रात पती-पत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, अधिभार वेगळे. हुकूमनाम्यानंतर तुम्ही पती-पत्नी उरत नाही आणि ही सवलतही उरत नाही. पण मोबदला घेऊन दिलेले घर बक्षीस ठरत नाही, तेव्हा मसुदा वकिलाकडूनच करून घ्यावा.

एकरकमी पोटगी हप्त्यांत बांधा: काही भाग अर्ज दाखल करताना, उरलेला डिमांड ड्राफ्टने शेवटच्या तारखेला कोर्टासमोर. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे. पत्नीच्या छळाचा गुन्हा (भारतीय दंड संहितेचे कलम ४९८-अ, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) दाखल असेल तर तो पोलीस ठाण्यात अर्ज देऊन ‘मागे घेता’ येत नाही. रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते. त्यासाठी पत्नी प्रतिज्ञापत्र देईल, हे कलम कन्सेंट टर्म्समध्येच असावे.

अर्जाला लग्नाचा दाखला किंवा पत्रिका, लग्नाचे फोटो, ओळखपत्रे आणि पत्त्याचे पुरावे जोडा. लग्न झाले तिथल्या, शेवटचे एकत्र राहिलात तिथल्या किंवा पत्नी सध्या राहते तिथल्या कौटुंबिक न्यायालयात तो करता येतो. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असले पाहिजे; एका छताखाली असूनही पती-पत्नी म्हणून न राहणे यात बसते. अर्ज केल्यावर सहा महिने थांबावे लागते आणि अर्जापासून १८ महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा हजर राहायचे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार अर्जापूर्वीच दीड वर्ष वेगळे राहिलेले असाल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी-ताबा खरोखर ठरला असेल, तर हा सहा महिन्यांचा काळ माफ करावा असा अर्ज पहिल्या तारखेनंतर आठवड्याने करता येतो.

हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती जास्तीच्या घ्या. बँक, विमा आणि पीएफमधले नॉमिनी लगेच बदला; घटस्फोट झाला म्हणून ते आपोआप बदलतील असे धरून चालू नका.