पोलवर चढण्याआधी उतरायला शिका

पोल फिटनेसच्या, म्हणजे स्टीलच्या उभ्या दांड्यावर चढून करायच्या व्यायामाच्या, ट्रायल क्लासला निघालेल्या प्रत्येकीला मी एकच प्रश्न विचारून यायला सांगते: "इथे उतरायला कधी शिकवतात?" चढायला कधी शिकवतात, उलटं कधी होता येईल, हे सगळ्याच विचारतात. उतरण्याबद्दल कोणी विचारत नाही. समोरची ट्रेनर या प्रश्नावर गोंधळली किंवा "ते आपोआप जमतं" म्हणाली, तर फी भरू नका. स्टुडिओ कितीही देखणा असो, परत या.

इतकं ठासून सांगते, कारण माझा उजवा खांदा अजून पूर्ण बरा नाही. मी पुण्यातल्या एका स्टुडिओत शिकायला लागले, नंतर दुसरीकडे मदतनीस झाले आणि आता नवशिक्यांच्या बॅच घेते. मोजे-अंगठ्या काढून यायचं, त्या दिवशी लोशन लावायचं नाही, दर दोघींमध्ये पोल स्पिरिटने पुसायचा, हे तुम्ही वाचलेलं असेलच. मला बोलायचंय ते इन्व्हर्टबद्दल, म्हणजे पोलला धरून डोकं खाली, पाय वर नेण्याबद्दल. बहुतेकींचं घोडं तिथेच अडतं, आणि दुखापतीही तिथेच होतात.

मी जिथे सुरुवात केली, तिथे इन्व्हर्ट उडी मारून शिकवायचे. एक पाय मागे झोकायचा, झोक्याने कंबर वर फेकायची आणि पाय पोलला अडकवायचा. पहिल्याच महिन्यात सगळ्या उलट्या लटकल्या, व्हिडिओ निघाले, टाळ्या पडल्या. पण झोक्याने वर जाताना क्षणभर सगळं वजन हातांवर येतं, आणि तेव्हा खांदा तयार नसतो. खांद्याचं पातं खाली ओढून धरलेलं नसलं, तर तो हिसका सांध्याभोवतीच्या बारीक स्नायूंना सोसावा लागतो. एकदा सोसतात, दहादा सोसतात, मग एके दिवशी केस विंचरायला हात वर जात नाही. माझं तेच झालं.

खरा धोका तर पुढेच. सावकाश वर जाण्याइतकी ताकद असेल, तरच सावकाश खाली येता येतं. झोक्याने वर गेलेल्या बाईकडे ती नसते. हात घामेजला, गुडघ्याची पकड सुटली, की तिला स्वतःला सावरता येत नाही, आणि सगळ्यात खाली असतं तिचं डोकं. खालची जाड क्रॅश मॅट घोटा वाचवेल, मान वाचवेलच असं नाही. मॅट आहे म्हणून नवीन काही करून बघू, असं कोणी म्हणालं तर मी क्लास थांबवते.

म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करा. ट्रेनरने तुमच्या कंबरेला आधार देऊन तुम्हाला वर पोचवायचं. गुडघे छातीशी, कोपरं वाकलेली, खांदे कानांपासून लांब. मग ट्रेनरचा हात जवळच ठेवून, पाच आकडे मोजत, तुम्ही स्वतः खाली यायचं. शिकवताना मी कित्येकदा बघण्यापेक्षा ऐकतेच जास्त. मॅटवर पाय धप्पकन पडले, तर अजून वेळ आहे. पाय टेकल्याचं कळलंच नाही, तर ती बाई तयार होते आहे. हे दोन्ही बाजूंनी व्हायला हवं. उजवी बाजू जमते म्हणून तिचाच सराव करत राहिलं, तर पाठ आणि खांदे दोन्ही बिघडतात. पुढे एका गुडघ्यावर लटकायला शिकाल, तेव्हाही क्रम पाठ करा: आधी दोन्ही हात पोलवर घट्ट, मग पोट आवळायचं, आणि शेवटी पाय सोडायचा. हात पोलवर नसताना पाय सोडायचा नाही, कोणी खालून कितीही ओरडून सांगितलं तरी.

यात दोन-तीन महिने गेले तर जाऊ द्यात. काहींना सहा लागतात. चाळिशीनंतर आलेल्या, आयुष्यात कधी पुल-अप न मारलेल्या बायका माझ्याकडे शांतपणे इन्व्हर्ट करतात. घाई नसेल, तर हे जमतं.

"मी लहानपणी मल्लखांब केलाय" असं सांगत येणाऱ्याही बऱ्याच असतात, विशेषतः दादर-पार्ले किंवा पुण्याच्या पेठांमधल्या. त्यांचा मला आनंदच होतो. उलटं व्हायची भीती गेलेली असते आणि पायांनी अढी घालायची सवय असते. फक्त साहित्य वेगळं आहे हे लक्षात ठेवा. पुरलेला मल्लखांब लाकडाचा, खाली साधारण 55 सेंटिमीटर घेराचा, वर निमुळता, एरंडेल लावलेला. पोल स्टीलचा, आज बहुतेक ठिकाणी 45 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे घेर जेमतेम 14 सेंटिमीटर, आणि पकड सगळी कोरड्या उघड्या कातडीची. मांडीत धरायला तिथे जेवढं लाकूड मिळायचं, तेवढं इथे मिळत नाही, त्यामुळे जुन्या सवयीने पकड सैल पडते. मल्लखांबाकडून घ्यायची असेल तर तिथली शिस्त घ्या. एक जण खांबावर, बाकीचे भोवती उभे राहून त्याच्याकडे बघतायत, आणि उडी नीट घेतली नाही तर वस्ताद पुन्हा करायला लावतात. 2019 साली शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, तेव्हा परदेशातून आलेले खेळाडूही खेळले; त्या मैदानावर जे शिकायला मिळतं ते कुठल्या रीलमध्ये नाही. रील बघून घरी सराव करणाऱ्यांना मी हात जोडते. घरचा दाब देऊन बसवायचा पोल फॉल्स सीलिंगखाली लावला तर छतासकट खाली येतो. वर स्लॅब किंवा बीमच हवा. आणि लावलात तरी एकटीने उलटं व्हायचं नाही.

आता येणाऱ्या बायकांबद्दल, कारण तुमच्यापैकी कोणाला पुढे शिकवायचं असेल, तर हेच काम अर्धं आहे. शॉर्ट्स का घालायच्या, हे पहिल्याच फोनवर सांगा. कातडीशिवाय पकड बसत नाही, एवढं स्पष्ट सांगितलं की संकोच बराच कमी होतो. सुरुवातीच्या स्पिन, म्हणजे पोलभोवतीच्या गिरक्या, आणि चढणं गुडघ्यापर्यंतच्या कपड्यांत होतं, तेव्हा पहिल्या दिवशी कोणावर सक्ती नको. मांडीच्या आतल्या बाजूला आणि पावलाच्या वर निळे डाग पडणारच, हेही आधी सांगा. नाहीतर घरी आई किंवा नवरा विचारतो, बाई घाबरते आणि पुन्हा येत नाही. डाग चालतात. मुंग्या येणं, बधिरपणा, सांध्यात 'कट्' आवाज येऊन ताकद जाणं, डोक्याला मार लागल्यावर मळमळणं, हे अजिबात चालत नाही. तिथे बर्फ लावून घरी पाठवू नका, डॉक्टरकडे न्या. रक्तदाब, काचबिंदू, गरोदरपण, मानेचं जुनं दुखणं हे फॉर्मवर तर विचाराच, पण बाजूला घेऊन तोंडीही विचारा. फॉर्मवर सगळ्या 'नाही' लिहितात.

पावसाळ्यात मुंबईत हात इतके घामेजतात की जमलेली ट्रिकही सुटते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी पोल गार आणि कातडी कोरडी असते, तेव्हाही तेच. ग्रिपची पावडर किंवा लिक्विड मदत करतं, पण त्याच्या भरवशावर डोकं खाली करायचं नाही. त्या दिवशी जमिनीजवळचा सराव करा. पैसे वाया गेले असं वाटून घेऊ नका.

मोबाइलबद्दल मी कडक आहे. विचारल्याशिवाय कोणाचाही व्हिडिओ नाही, आणि मागे आरशात दुसरी दिसत असेल तर तिलाही विचारायचं. स्टुडिओने तुमचा व्हिडिओ न विचारता टाकला, तर काढायला सांगा, लाजू नका. शिकवताना हात कुठे लावणार, हेही ट्रेनरने आधी सांगितलं पाहिजे. स्पॉटिंगला, म्हणजे पडू नये म्हणून जवळ उभं राहून सांभाळताना, कंबर आणि खांद्याला आधार द्यावाच लागतो, पण तो विचारून. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा 2013 चा कायदा तिथे नोकरी न करणाऱ्या बाईलाही लागू होतो, म्हणजे क्लासला आलेल्या विद्यार्थिनीलाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या जागेची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. छोट्या स्टुडिओंना हे माहीतच नसतं, तेव्हा तुम्हाला माहीत असू द्या.

ट्रेनर व्हायचं असेल, तर शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेटवर विसंबू नका. ते घ्या, उपयोग होतो. पण माझ्या मते, वर्षभर दुसऱ्याच्या क्लासमध्ये नुसतं स्पॉटिंग केल्याशिवाय कोणी स्वतःची बॅच घेऊ नये. पैसे थोडे मिळतात, कंटाळा येतो, खांदे भरून येतात. पण सुटायच्या आधी पकड कशी दिसते, बोटं कशी पांढरी पडतात, श्वास कसा अडकतो, हे तिथेच कळतं. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि विमा त्याच वर्षात उरकून टाका. पहिल्या बॅचला चौघींपेक्षा जास्त घेऊ नका, मालक कितीही म्हणाला तरी. आणि दर क्लासच्या आधी स्वतः पोलला लटकून बघा. पोल फिरू न देणारं स्पिनचं लॉक लागलंय का, स्क्रू ढिला नाही ना, हे हाताला कळेपर्यंत कोणालाही वर पाठवू नका.