पानं कधी रंगतील, किती टिकतील: अंदाज कसा बांधावा

पानगळीचे रंग बघायला जायचं ठरलं की लोक आधी थंडीचा अंदाज बघतात. पण रंगाची वेळ मुख्यतः दिवसमान ठरवतं. रात्री मोठ्या होऊ लागल्या की झाड नवं हरितद्रव्य बनवणं कमी करतं, जुनं विरत जातं आणि पानात आधीपासूनच असलेला पिवळा-नारिंगी रंग दिसू लागतो. दिवसमान दर वर्षी तेच असल्यामुळे रंगाचा हंगाम फार मागेपुढे होत नाही. म्हणून त्याच जागेच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या तारखा पायाला धराव्यात.

लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो बहुतेक झाडांत त्याच सुमारास नव्याने तयार होतो आणि त्याला पानातली साखर व ऊन दोन्ही लागतं. लाल पानावर दुसरं पान चिकटून सावली पडली असेल तर ते उचलून बघा. खाली बऱ्याचदा त्याच आकाराचा पिवळा ठसा सापडतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण पारा शून्याच्या वर, असे दिवस ओळीने मिळाले की लाल खुलतो. ढगाळ, उबदार हवेत तो फिका पडतो; पिवळ्याला तेवढा फरक पडत नाही. त्यामुळे बेत मेपलच्या लालीसाठी असेल तर शेवटच्या दोन आठवड्यांचं हवामान रोज बघा. बर्चच्या पिवळ्यासाठी इतकी धावपळ नको.

पाण्याचा हिशेब उन्हाळ्यापासून ठेवावा. कडक दुष्काळ पडला तर पानांच्या कडा करपतात आणि ती रंगायच्या आधीच गळतात. ही करपलेली तपकिरी कड म्हणजे हंगाम लवकर आला असं समजू नका. एकच फांदी इतरांच्या आधी लाल झाली तरी तेच: बहुधा त्या फांदीला किंवा मुळांना इजा असते. रस्त्यावरच्या दिव्याजवळची फांदी उलट उशिरापर्यंत हिरवी राहते. अंदाजासाठी यांतलं काहीच धरू नये.

रंग किती टिकेल हे देठ सांगतो. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पान तिथूनच सुटतं. रंगलेलं पान बोटाने हलकेच खाली दाबा. अलगद निसटलं तर झाडाचे थोडेच दिवस उरलेत. पहिला जोराचा वारा किंवा पाऊस ते रिकामं करील. देठ घट्ट असेल, ओढल्यावर साल सोलून येत असेल, तर अजून सवड आहे. एकाच फांदीवर विसंबू नका, चार बाजूंची आठ-दहा पानं तपासा. कडाक्याच्या थंडीत पारा शून्याखाली घसरला तर मात्र ही परीक्षा फुकट: पेशी मरतात आणि पानं थेट तपकिरी होतात. गिंको तर अशा रात्रीनंतर एका सकाळीत जवळजवळ सगळी पानं टाकतो.

तारीख हुकलीच तर उंची बदला. डोंगरात दर १००० मीटरला हवा साधारण ६ अंशांनी थंड होते, म्हणून रंग माथ्यावर आधी येतो आणि मग खाली उतरतो. वर फांद्या उघड्या दिसल्या तर दरीत जा. तिथेही उशीर झाला असेल तर ओक शोधा. तो बहुतेकांच्या मागून रंगतो, आणि त्याच्या काही जाती वाळलेली तपकिरी पानं हिवाळाभर धरून ठेवतात.